एक हात माणसाले

अजूनही घरात कोणाच्या हातून ताट पडलं की माझा डावा हात आपोआप कोंबडा शोधू लागतो. माझ्या नवऱ्याला याचं काही वाटत नाही, कारण तसल्याच आवाजापायी त्याच्या हातात एकदा वरवंटा आला होता. नवे पाहुणे मात्र दचकतात. त्यांना समजावून सांगायचं तर काकाजींपासून सुरुवात करावी लागते, आणि काकाजी थोडक्यात सांगता येत नाहीत.

काकाजी म्हणजे माझे घरमालक. आणीबाणी उठली त्या वर्षी लाखांदूरकडच्या एका गावात, प्राथमिक शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली. गाव तलाव आणि नदी यांच्या मधोमध बसलेलं. मी अमरावतीची, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन एसटीतून उतरले, तेव्हा हेडमास्तर म्हणाले की बाईमाणसाला खोली देईल असं घर गावात एकच आहे. सांगताना ते हसले. का हसले ते मला पुढच्या आठवड्यात कळलं.

अंगणात खाटेवर एक उंच, वाळकासा माणूस सुतळी वळत बसला होता. त्याने माझं नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, भाड्याचं बोलला नाही.

"बाई, तुमाले पोहता येते का?"

"नाही," मी म्हणाले.

"धावता येते?"

मी शिक्षिका आहे, असं मी जरा तोऱ्यात सांगितलं. ते तर समजलं, काकाजी म्हणाले, पण धावता येते का? मग पुढचा प्रश्न आला: शाळेची चावी कोणाकडे राहील? हेडमास्तर लाखांदूरहून जाऊन-येऊन असायचे, म्हणून चावी माझ्याकडेच राहणार होती. एवढं ऐकल्यावर काकाजींनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं. माझा सालस चेहरा पाहून मला खोली मिळाली, असं मी पुढे कितीतरी दिवस समजत होते. खोली चावीला मिळाली होती. शाळा टेकाडावर होती आणि गावात तिच्याहून उंच जागा नव्हती.

पहिल्या रविवारी मी न्हाऊन केस वाळवत बसले होते, तर घरात कोणीतरी परात बडवायला लागलं. साधी परात नव्हे, भंडाऱ्याची पितळी, कणीक मळायला चार बायका बसतील एवढी. बघते तर सगळं घर उठलं. थोरल्या सुनेने चूल तशीच सोडली, मधला मुलगा अर्धी दाढी केलेला, नातवंडं शेंबडी. कोणाच्या हातात कंदील, कोणाच्या हातात विळा, कोणाच्या हातात पाण्याचा गुंड. रांग लावून सगळे दाराबाहेर पडले आणि टेकाडाकडे निघाले. मी घाबरून विचारलं, काय झालं? थोरली सून जाता जाता म्हणाली, "काई नाई जी बाई, तालीम आहे."

आमच्या त्या भागात धान निघालं की गावोगाव नाटकं होतात आणि त्याआधी महिना-दीड महिना तालमी चालतात. काकाजींनी तो शब्द तिथून उचलला होता. त्यांची तालीम बारा महिने चाले. पुराची वेगळी, आगीची वेगळी, विजेची वेगळी. परात कधी वाजेल याला काळवेळ नव्हता. एकदा सत्यनारायणाच्या कथेत वाजली. भटजी नवे होते, ते पोथी टाकून पळाले, आणि काकाजींनी त्यांना टेकाडावर शाबासकी दिली.

माजघराच्या दारावर गेरूने लिहिलेली यादी होती. पहिल्या रकान्यात माणूस, दुसऱ्यात डाव्या हातात काय, तिसऱ्यात उजव्या हातात कोण. ज्याला पोहता येतं त्याच्या नावापुढे एक छोटा मासा काढलेला. काकाजींचा नियम एकच होता आणि तो ते दिवसातून चारदा तरी ऐकवत, "एक हात सामानाले, एक हात माणसाले." दोन वस्तू कोणी घ्यायच्या नाहीत, मग ती दुसरी वस्तू सोन्याची का असेना. यादीत बारा माणसं होती: काकाजींची म्हातारी आई, म्हणजे सगळ्यांची आजी, काकू, तीन मुलगे, तीन सुना, चार नातवंडं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर तेरावी ओळ लिहिलेली होती. बाई, डाव्या हातात कोंबडा, उजव्या हातात आजी. चावी गळ्यात.

मी भांडले. मी भाडेकरू आहे, तुमच्या घरची नाही, आणि मला कोंबड्याची भीती वाटते, असं मी स्पष्ट सांगितलं. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की पाण्याले भाडेकरू आणि घरमालक समजत नाही. कोंबड्याचं म्हणाल तर त्याला डाव्या काखेत धरा, चोच मागच्या बाजूला. तो लाल तुऱ्याचा, माजलेला, वाईट डोळ्याचा प्राणी मी पाच वर्षं काखेत वागवला. त्याने मला किती वेळा चोच मारली याची यादी काही कोणी दारावर लिहिली नाही.

यादीच्या तळाशी, आकडा न टाकलेली, एक शेवटची ओळ होती "स्वतः". तिच्यापुढे फक्त एक शब्द, परात. परात डाव्या हातात धरायची आणि उजव्या हाताने मुसळीने बडवायची, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले. सगळे बाहेर पडेपर्यंत ती वाजत राहणार, मग ते येणार. त्या ओळीपुढे मासा नव्हता. माणूस स्वतःच स्वतःला प्रशस्तिपत्र कसं देणार, म्हणून नसेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

ती परात काकूंच्या माहेरची होती. लग्नात आलेली, काठावर त्यांच्या वडिलांचं नाव टोचलेलं. तिला काकाजींनी इतके पोचे पाडले होते की तिच्यात मळलेली कणीक सुद्धा खड्ड्याखड्ड्यांची निघे. काकूंना तालमीबद्दल तक्रार नव्हती, परातीबद्दल होती. रोजचा कज्जा होता तो. काकाजी बडवायचे आणि काकू पुसून, चिंचेने घासून ती पुन्हा खुंटीला लावायच्या.

काकूंच्या वाट्याला मिठाचं मडकं होतं. मीठच का, असं मी एकदा काकाजींना विचारलं. ते म्हणाले, "बाकी भिजलं तं वाळते. मीठ भिजलं तं गेलं." असल्या बारीक विचारांनी त्यांचं डोकं भरलेलं असे. आढ्याला एक पोतं टांगलेलं होतं. त्यात मुरमुरे, गूळ, तुरटी, मेण लावलेल्या डबीत काड्यापेटी आणि एक कोरं धोतर. धोतर कशाला? तर वाचल्यावर कलेक्टर भेटायला येतो, त्याच्यासमोर काय नेसायचं? दर अक्षय तृतीयेला ते पोतं खाली उतरे, जुने मुरमुरे काढून नवे भरले जात. जुने आम्ही आठवडाभर खायचो, चामड्यासारखे चिवट.

रस्त्यात कोणीही भेटलं की लोक राम राम म्हणतात. काकाजी म्हणायचे, "हातात काय?" घरातल्या माणसाने चटकन आपली वस्तू सांगायची. मी वर्गात फळ्यावर पाढे लिहीत असताना ते खिडकीतून विचारायचे, आणि चाळीस पोरांसमोर मला सांगावं लागे, कोंबडा. पोरं खिदळायची. एकदा तपासणीला साहेब आले असताना हे झालं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, ते काय होतं ते मला कधी कळलं नाही.

घरात त्यांची टिंगल करायचा मान थोरल्या सुनेचा होता. ती तोंडाने फटकळ आणि मनाने चांगली. तालीम संपवून परत येताना ती न चुकता विचारायची, "मामाजी, तालमी तं लय झाल्या. नाटक कवा आहे जी?" सगळे हसायचे. काकाजी हसायचे नाहीत. नाटक न झालं तर बरं, असं काहीतरी पुटपुटत ते पुढे निघून जायचे. मला तेव्हा वाटायचं, या माणसाला विनोद कळत नाही.

मग एके दुपारी तांदूळ निवडताना काकूंनी मला सांगितलं. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत, त्या पिढीत कोणीच घेत नसे. त्यांच्या बोलण्यात काकाजी म्हणजे "हे".

"यायचा जलम बपेऱ्याकडचा. सात-आठ वर्साचे असन हे तवा. तलावाची पाळ फुटली दिवसाढवळ्या. घरात नऊ मानसं. कोनी धान घेतलं, कोनी भांडे घेतले, कोनी म्हशी सोडल्या. बारकी बहीन पाळण्यात होती. यायच्या मायले वाटलं यायच्या आजीनं घेतली, त्या आजीले वाटलं मायनं घेतली." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "साऱ्यायचे हात भरेल होते बाई."

"आणि काकाजींच्या हातात?" मी विचारलं.

"परात," काकू म्हणाल्या. "दोनी हातात धरून धावत होते."

नऊ माणसांपैकी बाकीची सगळी वाचली. त्या दिवसानंतर मी कोंबड्याबद्दल कुरकुर केली नाही. म्हणजे केली, पण काकाजींना ऐकू जाईल अशी केली नाही.

मला बघायला नागपूरहून मंडळी आली तो प्रसंग तर आमच्या घरी अजून निघतो. माझ्या वडिलांनी लिहून कळवलं होतं की मुलगी नोकरीच्या गावी आहे, तिथेच पाहून घ्यावी. उन्हाळ्याची दुपार. मुलगा, त्याची आई आणि एक चुलते. काकूंनी बैठक झाडून घेतली, थोरल्या सुनेने पोहे केले, मी जांभळी साडी नेसून समोर बसले. चुलते मला स्वयंपाकातलं काय काय येतं ते विचारत होते, आणि मी पुरणपोळीबद्दल सराईत खोटं बोलत होते. आदल्या रात्रीच मी काकाजींना हात जोडून विनवलं होतं की उद्या नको. त्यांनी मान हलवली होती. पण शेजारच्या वाड्यात कोणीतरी पालापाचोळा पेटवला, वारं आमच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाकडे होतं, आणि तणीस उन्हाळ्यात किती झपाट्याने पेट घेतं हे त्यांना माहीत होतं. परात वाजली.

पुढचं मी केलं असं म्हणता येणार नाही, ते झालं. जांभळ्या साडीचा पदर खोचून मी उठले, कोंबडा काखेत घेतला, आजीचा हात धरला. पोह्यांच्या बश्या जागेवर राहिल्या. मुलाची आई आणि चुलते बैठकीत थिजून बसले. मुलगा मात्र उठून काकाजींसमोर उभा राहिला आणि परातीच्या आवाजावर ओरडून म्हणाला, "मी काय घेऊ?"

काकाजी बडवायचे थांबले. इतक्या वर्षांत परक्या माणसाने हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा विचारला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, घरातली प्रत्येक कामाची वस्तू कोणाच्या तरी नावावर होती. शेवटी पाट्यावरचा वरवंटा उचलून त्यांनी त्याच्या डाव्या हातात दिला. आणि उजवा? उजव्या हाताला आजीचा मोकळा हात दिला. अशा रीतीने भर दुपारी, गावाच्या मधल्या रस्त्याने, मधे ऐंशी वर्षांची आजी, एका बाजूला कोंबडा घेतलेली मी आणि दुसऱ्या बाजूला पांढरी पॅन्ट घातलेला, वरवंटा घेतलेला तो, असे आम्ही टेकाडापर्यंत गेलो. आम्हा दोघांचं पहिलं फिरणं ते.

आग शेजाऱ्यांनीच विझवली, तणसाला काही झालं नाही. मुलाच्या आईने जाताना सांगितलं की नंतर कळवू. आमच्याकडे त्याचा अर्थ "नाही" असाच असतो. काकाजींनी मात्र माझ्या वडिलांना स्वतः पत्र लिहिलं. पोराचं शिक्षण, पगार, घरदार यातलं त्यात काहीही नव्हतं. "विचारून घेणारा माणूस आहे, देऊन टाका," एवढंच होतं. पुढे त्याच्या आईला त्याने कसं वळवलं ते त्याचं त्याला ठाऊक. लग्न झालं, तो नागपुरात आणि मी बदली होईपर्यंत तिथेच, कोंबड्याजवळ.

एकदाच काकाजींची यादी तोकडी पडलेली मी पाहिली. रेडिओवर रोज सांगत होते की परदेशातलं एक मोठं यंत्र आकाशातून खाली पडणार आहे, कुठे ते सांगता येत नाही. स्कायलॅब. गावात लोक घाबरून कोंबड्या कापून खाऊ लागले, मरायचंच तर खाऊन मरू म्हणून. काकाजी दिवसभर ओट्यावर डोकं धरून बसले. संध्याकाळी मला म्हणाले की बाई, वरून पडणाऱ्यासाठी उंच जागा काय कामाची? त्या दिवशी तालीम झाली नाही. कोंबडा मात्र वाचला, कारण तो यादीत होता आणि यादीतल्या वस्तूला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

पावसाळ्यात त्यांचा आणखी एक नेम असे. रोज सकाळी ते तलावाच्या पाळीवर जात. मातीच्या पाळीतून खालच्या अंगाला थोडं पाणी झिरपतच असतं. काकाजी ते पाणी काचेच्या पेल्यात धरून घरी आणायचे आणि जेवायच्या वेळी उजेडात धरून सगळ्यांना दाखवायचे. निर्मळ असेल तर झिरपू द्यावं, गढूळ झालं म्हणजे पाळीची माती जाऊन राहिली, असं ते समजावत. तो पेला पाहून थोरल्या सुनेला घास उतरत नसे. पाच पावसाळे आम्ही तो पेला पाहिला, पाणी नेहमी निर्मळ.

जनगणना झाली त्याच्या पुढच्या वर्षीचा पावसाळा. जनगणनेचं काम आम्हा शिक्षकांवरच होतं, म्हणून माझ्याच घरी मी माझ्याच काकूंना रीतसर विचारलं होतं की घरधन्याचं नाव काय. "लिवा ना जी, मालूम आहे तुमाले," एवढं म्हणून त्या लाजून आत गेल्या होत्या. या वेळी पाऊस चार दिवस थांबलाच नाही. शाळेला सुटी होती. पाचव्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि काकाजी दुसऱ्यांदा पाळीवर गेले होते. ते भिजून आले. पेला त्यांनी पानांच्या मधोमध ठेवला. त्यातलं पाणी चहाच्या रंगाचं होतं.

थोरली सून म्हणाली, "अवो माय." तोवर काकाजींनी परात खुंटीवरून काढली होती.

पाच वर्षांत मी त्या तालमींना किती शिव्या दिल्या असतील, पण त्या दिवशी मला विचार करावा लागला नाही. हातांना माहीत होतं. कोंबडा, आजी, गळ्यात चावी. आम्ही तेरा जण एकमेकांना धरून बाहेर पडलो. गल्लीतले लोक सवयीने हसले. मग त्यांनी पाहिलं की आज रांगेत कोणी हसत नाही, थोरल्या सुनेची सुद्धा बोलती बंद आहे, तेव्हा तेही उठले. टेकाडाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा मागच्या गल्लीतून पाणी आलं. आधी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. आजी म्हणाली की थंड आहे. मागे परात वाजत होती, घरच्यांसाठी नव्हे, आता गावासाठी.

शाळेचं कुलूप मी उघडलं. थोरल्या सुनेने गणती केली, मी पुन्हा केली. तेरा. कंदील होता, विळा होता, गुंड होता, मीठ कोरडं होतं. काकाजींनी लिहिलं होतं तसं, अक्षर न अक्षर. आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो सुद्धा. मागून गावातली माणसं येतच होती, दोन्ही हात भरलेली.

काकू दारात उभ्या होत्या. "परात काहून बंद झाली?" त्या म्हणाल्या.

कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. गणती तर बरोबर होती. तेराच्या तेरा हात कोणाच्या तरी हातात होते, आणि त्या तेरांत ते स्वतः नव्हतेच. ऐकत होत्या एकट्या काकू, कारण ती परात त्यांच्या बापाने दिलेली होती आणि तिच्यावर पडणारा प्रत्येक घाव त्या आयुष्यभर मोजत आल्या होत्या.

त्यांनी मिठाचं मडकं जमिनीवर ठेवलं. त्यांच्या उजव्या हातात धाकटी नात होती. "बाई, इले धरा," त्या म्हणाल्या. माझ्या एका हातात आजी, दुसऱ्यात कोंबडा. मी कोंबडा सोडला. तो फडफडत शाळेच्या कौलांवर जाऊन बसला. नातीचा हात मी धरला तेव्हा काकू उतारावर पोचल्या होत्या आणि थोरला मुलगा त्यांच्या मागे धावत होता.

तिथे काय झालं ते थोरल्या मुलाने नंतर सांगितलं. अंगणाची मातीची भिंत बसली होती आणि आत छातीभर पाणी आणि त्याला ओढ होती. काकाजी धान साठवायच्या ढोलीवर, आढ्याला डोकं टेकवून, परात पोटाशी घेऊन बसले होते. मुसळी वाहून गेली होती. या दोघांना पाहून त्यांनी आधी विचारलं की गणती झाली का.

"झाली. तेरा," काकू म्हणाल्या.

"मंग बरोबर आहे."

"काय बरोबर आहे? उतरा खाली."

काकाजींनी परात आणखी पोटाशी ओढली. मग एवढ्या हळू आवाजात बोलले की मुलाला जेमतेमच ऐकू आलं. "मले पोहता येत नाई."

गावातल्या प्रत्येकाला ज्याने हा प्रश्न विचारला, त्याला तो उलट विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं. काकू तलावाकाठच्या, लहानपणी शिंगाडे तोडत वाढलेल्या. यादीत त्यांच्या नावापुढे सगळ्यात मोठा मासा होता. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "परात द्या इकडं."

काकाजींनी परात दिली. काकूंनी ती पाण्यावर ठेवली, ती तरंगली. मग त्यांनी काकाजींना खाली ओढलं, छाती परातीवर टेकवायला लावली, आणि एका बाजूने त्यांनी, दुसऱ्या बाजूने मुलाने धरून, तशी ती वरात गल्लीच्या तोंडापर्यंत आणली. पुढे जन्मभर काकाजी आल्या-गेल्याला हीच तक्रार सांगत राहिले, "हिनं आधी परात घेतली, मंग मले." परात आधी का घेतली हे काकूंनी कधी कोणाला समजावलं नाही. त्यांना ती तक्रार आवडत असावी असं मला वाटतं.

टेकाडावर आल्यावर काकाजींनी ओल्या धोतराने आमच्यातून फिरत एकेकाच्या डोक्याला हात लावत मोजलं. "तेरा," ते म्हणाले. थोरली सून रडत होती. तिने स्वतः पुढे होऊन त्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "चौदा, मामाजी." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, कोंबडा कुठं आहे?" मी वर बोट दाखवलं. सगळं बरोबर करून शेवटी मी माती केली, अशा नजरेने त्यांनी मला पाहिलं. गावात त्या दिवशी घरं पडली, शेताच्या बांध्यांमधलं उभं धान गेलं, पण माणूस एकही गेला नाही. कलेक्टर काही आले नाहीत. कोरं धोतर काकाजींनी तसंच नेसलं.

पाणी ओसरल्यावर माजघराचं दार जाग्यावर सापडलं, गेरूचं लिखाण मात्र खालून अर्धं धुऊन गेलं होतं. काकूंना लिहिता येत नसे. त्यांनी गेरू कालवून मला बोलावलं आणि म्हणाल्या की आपल्या नावापुढचं मीठ खोडा, ते मधलीला द्या. आपल्या डाव्या हातात परात लिहा. मी लिहिलं. उजव्या हातात? नातीला थोरलीकडे द्या, त्या म्हणाल्या. मग त्यांनी पदर तोंडाशी घेतला. मला कळत होतं, पण मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून मी मुद्दाम विचारलं, "कोणाचं नाव लिहू?"

"लिवा ना जी. मालूम आहे तुमाले."

मी लिहिलं. त्यांनी ते नाव कधी घेतलं नाही, म्हणून मीही इथे घेतलेलं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. त्यानंतर चार-पाच वर्षांनी काकाजी गेल्याचं पत्र आलं. पाण्याने नाही, आगीने नाही, साध्या छातीच्या दुखण्याने, आपल्या खाटेवर. मी आणि माझा नवरा मुलीला घेऊन भेटायला गेलो. तो लाल कोंबडा कधीच संपला होता, पण त्याच्या वाणाचा दुसरा अंगणात माजून फिरत होता. मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं आणि रडू आवरेना. थोरली सूनच सगळं सांगत होती. शेवटच्या दुपारी त्यांना बोलायला त्रास व्हायचा, तरी खाटेभोवतीच्या प्रत्येकाला त्यांनी विचारलं, हातात काय. प्रत्येकाने सांगितलं, कंदील, विळा, गुंड, मीठ. कोणी चुकलं नाही. शेवटी त्यांनी काकूंना विचारलं. काकू उशाशी बसल्या होत्या. यादीप्रमाणे त्यांनी परात म्हणायला हवं होतं.

"काई नाई," काकू म्हणाल्या. "दोनी रिकामे आहेत. हात द्या इकडं."

परात त्या दिवशी खुंटीवरच होती.